आंद्रेया आजोबा



आज आम्ही तुम्हाला एका आजोबांची गोष्ट सांगणार आहोत. हे आजोबा आपल्या गावचे नाहीत. आपल्या देशाचेही नाहीत. ते इटली देशात वाढले, आणि अमेरिकेत जाऊन त्यांनी संसार केला. त्यांचे नाव आंद्रेया कुओमो. नाव जरा अवघड आहे. दोनदा मोठ्याने म्हणा, म्हणजे जिभेला सवय होईल.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, इतक्या लांबच्या म्हाताऱ्याशी आमचे काय काम?" काम आहे. ते शेवटी सांगू. आधी गोष्ट तर ऐका.

पोटासाठी देश सोडला

इटली देश युरोपात आहे. नकाशात तो पायातल्या उंच बुटासारखा दिसतो. त्या बुटाचा खालचा भाग म्हणजे दक्षिण इटली. हा मुलूख गरीब. डोंगर फार, पाऊस बेभरवशाचा. चांगली जमीन बड्या जमीनदारांच्या हातात. राबणारा एक आणि धान्य नेणारा दुसरा. सखल भागात हिवताप. त्यात १८६९ पासून काही वर्षे सरकारने दळणावर कर बसवला होता. गरिबाने धान्य गिरणीत नेले की आधी कर द्यायचा, मग पीठ घरी न्यायचे. १९०८ च्या डिसेंबरात मेसिना शहराकडे मोठा भूकंप झाला. हजारो माणसे ढिगाऱ्याखाली गेली.

शाळांचीही तीच रड. १९०१ च्या सुमारास दक्षिण इटलीत शंभरातल्या जवळजवळ सत्तर माणसांना लिहिता-वाचता येत नव्हते.

मग माणसे करणार काय? त्यांनी वळकटी बांधली आणि बंदराचा रस्ता धरला. १८८० ते १९२० या चाळीस वर्षांत चाळीस लाखांहून जास्त इटालियन माणसे अमेरिकेत गेली. चाळीस लाख! बोटीच्या तळाशी, अंधाऱ्या जागेत, दाटीवाटीने दोन-दोन आठवडे ती प्रवास करीत. न्यूयॉर्कजवळ एलिस नावाचे लहानसे बेट आहे. तिथे १८९२ साली सरकारने तपासणीचे ठाणे उघडले. डॉक्टर पापण्या उलटून डोळे बघत. डोळ्यांत खुपऱ्या आढळल्या तर माणसाला माघारी धाडत. कुणाची शंका आली तर त्याच्या कोटावर खडूने खूण करीत. आपल्या कोटावर काय लिहिले हे त्या बिचाऱ्याला वाचता यायचे नाही. घरची चार माणसे एका रांगेत उभी असत. कोण आत जाणार आणि कोण परत जाणार, हे त्या खडूच्या खुणेवर ठरू लागे. हे ठाणे १९५४ साली बंद झाले.

आत गेल्यावर कामे कोणती? कुदळ आणि फावडे. रेल्वेचे रस्ते, भुयारे, गटारे, इमारतींचे पाये. काम मिळवून द्यायला मुकादम असे. त्याला ते लोक 'पाद्रोने' म्हणत. आपल्याकडे ऊसतोडीच्या टोळीला मुकादम असतो, तसाच हा. तो कामही देई आणि मजुरीतला वाटाही कापून घेई. स्थानिक लोक या परक्यांचा राग करीत. १८९१ साली न्यू ऑर्लिन्स शहरात जमावाने तुरुंगात घुसून ११ इटालियन माणसांना ठार मारले.

अशा ठिकाणी राहून माणसे घरी पैसे पाठवीत. १९०१ साली इटलीच्या सरकारने कायदा केला आणि हे पैसे सुरक्षित पोचवायचे काम नेपल्सच्या बँकेवर सोपवले. त्या पैशातून गावाकडची कर्जे फिटली, घरांवर नवी कौले चढली.

पण आम्ही तुम्हाला सारे गोड गोडच सांगणार नाही. गेलेल्या सगळ्यांनी घरची आठवण ठेवली असे नाही. काहींचे पैसे येईनासे झाले. काहींची पत्रेही येईनाशी झाली. मागे राहिलेल्या बायका एकट्याने शेत आणि पोरे सांभाळीत. नवरा जिवंत, पण असून नसल्यासारखा. इटलीत अशा बायकांना लोक 'पांढऱ्या विधवा' म्हणत. म्हणजे काळा पोशाख न घातलेल्या विधवा. तेव्हा परदेशी गेला तो प्रत्येक माणूस कुटुंबवत्सल होता, असे काही नाही. लांब गेल्यावर घराला धरून राहायचे की घर विसरायचे, हे ज्याचे त्याला रोज ठरवावे लागते.

वाचनाची परीक्षा

आता एक गोष्ट खास तुमच्यासाठी. १९१७ साली अमेरिकेच्या सरकारने एक कायदा केला. १६ वर्षांपुढच्या ज्या माणसाला वाचता येत नाही त्याला देशात घ्यायचे नाही, असा तो कायदा. परीक्षा अशी असे. तीस-चाळीस शब्दांचा मजकूर छापलेले कार्ड हातात देत. कोणत्याही भाषेतले चाले. माणसाने ते वाचून दाखवायचे. वाचले तर आत, नाही तर परत.

दक्षिण आणि पूर्व युरोपातल्या गरिबांची रीघ थांबावी, हा त्या कायद्यामागचा हेतू होता. त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी या कायद्याला हरकत घेतली. ही परीक्षा माणसाच्या गुणांची नाही. ज्याला शिकायची संधी मिळाली नाही त्याला ही शिक्षा होते, असे त्यांचे म्हणणे होते. पण कायदेमंडळाने त्यांचे ऐकले नाही. कायदा झालाच.

मंडळी, विल्सन यांचे ते म्हणणे लक्षात ठेवा. न शिकलेला माणूस बुद्धीने कमी असतो असे कुणी म्हणाले, तर त्याला हे सांगा. त्याला संधी कमी मिळालेली असते. बुद्धी कमी नसते.

त्या कायद्यात एक खिडकी मात्र उघडी ठेवली होती. जो माणूस देशात रीतसर आलेला आहे त्याला आपली बायको, आई, आजी, लग्न न झालेली किंवा विधवा मुलगी, तसेच ५५ वर्षांपुढचा बाप किंवा आजोबा यांना बोलावून घेता येई. त्यांना वाचता येत नसले तरी चाले. म्हणजे कायदा करणाऱ्यांनाही एवढे कळत होते की, घरात आजोबा लागतो, मग त्याला अक्षर येवो की न येवो.

पुढे १९२४ साली आणखी कडक कायदा झाला. इटलीतून वर्षाला चार हजारसुद्धा माणसे येऊ नयेत, असे ठरवले गेले. मोठा दरवाजा बंद झाला. पण या सगळ्या घडामोडींत इटलीतल्या खेड्यांना एक धडा मिळाला. परदेशातून परत आलेली माणसे गावात सांगू लागली, "बाबांनो, पोरांना शाळेत घाला. अक्षरावाचून आमचे फार हाल झाले."

दुकानातला संसार

आता आपल्या आंद्रेया आजोबांकडे वळू. ते दक्षिण इटलीतल्या नेपल्सच्या बाजूचे. नोचेरा हे त्यांच्याकडचे गाव. त्यांच्या पत्नीचे नाव इम्माकोलाता. ती जवळच्याच त्रामोंती गावची. १९२० नंतरच्या दशकात या जोडप्याने अमेरिकेत संसार सुरू केला. आंद्रेयांचे शिक्षण जवळपास नव्हते. इंग्रजी येत नव्हते. ओळखीपाळखी नव्हत्या. होते ते दोन हात. जर्सी सिटी गावात ते खंदक खणायच्या कामाला लागले.

पुढे त्यांनी न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागात किराणा मालाचे एक लहानसे दुकान घातले. वस्ती गरिबांची. नाना देशांची माणसे तिथे राहत. काळ मोठ्या मंदीचा. १९२९ पासून अमेरिकेत कामधंदे बुडाले होते, लाखो माणसे बेकार होती. अशा वेळी या नवरा-बायकोने दुकान चालवले. दुकान आणि घर एकाच जागी. आंद्रेया दिवसाचे १५-१६ तास उभे असत. इम्माकोलाताही बरोबरीने राबत. दुकान नवऱ्याच्या नावाचे असले तरी कष्ट दोघांचे होते, हे विसरू नका.

१९३२ च्या जून महिन्यात त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव मारिओ. थोरला भाऊ फ्रँक आणि बहीण मारी. घरात इटालियन बोली. मारिओ शाळेत गेला तेव्हा त्याला इंग्रजी धड येत नव्हते. मास्तर काय म्हणतात ते पोराला कळायचे नाही. आईबाप घरी अभ्यास घेऊ शकत नव्हते. पण शाळा बुडू द्यायची नाही, एवढे त्यांना पक्के ठाऊक होते.

बापाने पोराला बसवून उपदेश केला असेल का? वेळ कुठे होता! दुकानात उभे असलेले वडील पोराच्या डोळ्यांसमोर होते. त्यांच्या दोन्ही हातांना जाड घट्टे पडलेले होते. एकदा तर मुलाने पाहिले, वडिलांच्या तळपायांतून रक्त येत होते. उभे राहून राहून पाय फुटले होते. पोराने ते पाहिले आणि जन्मभर मनात ठेवले.

मारिओ शिकला. १९५६ साली वकील होण्याचे शिक्षण त्याने पुरे केले. पुढे तो राजकारणात शिरला. १९८३ पासून १९९४ पर्यंत मारिओ कुओमो हे न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर होते. तिकडे राज्याच्या गव्हर्नरला लोक मते देऊन निवडतात. आपल्याकडे जो मान मुख्यमंत्र्याचा, तसाच मान तिकडे त्याचा. खंदक खणणाऱ्याचा मुलगा राज्याचा कारभारी झाला!

१६ जुलै १९८४ रोजी सान फ्रान्सिस्को शहरात त्यांच्या पक्षाचे अधिवेशन होते. मारिओ बोलायला उभे राहिले. सारा देश ऐकत होता. अशा वेळी माणूस थोरामोठ्यांची नावे घेतो. मारिओंनी आपल्या वडिलांची आठवण सांगितली. ते घट्टे पडलेले हात सांगितले. ते रक्ताळलेले पाय सांगितले. कष्ट म्हणजे काय ते आपण वडिलांकडून शिकलो, आणि तेही त्यांच्या बोलण्यातून नाही, वागण्यातून शिकलो, असे त्यांनी सांगितले. ते भाषण अमेरिकेत अजून नावाजले जाते.

आडवे पडलेले झाड

आंद्रेया आजोबांची एक हकिकत मारिओंनी आपल्या रोजनिशीत लिहून ठेवली आहे. ती आमच्या शब्दांत सांगतो.

पुष्कळ वर्षे दुकानात काढल्यावर या कुटुंबाने होलिसवूड नावाच्या भागात स्वतःचे घर घेतले. घराभोवती थोडी मोकळी जागा होती. त्या जागेत एक झाड होते. आपल्याकडे सुरूचे झाड असते ना, दिसायला साधारण तसेच. सरळ, निमुळते आणि चाळीस फूट उंच. दुकानाच्या दारात आयुष्य गेलेल्या माणसाला आपल्या मालकीचे एवढे मोठे झाड मिळाले. आनंद किती झाला असेल!

राहायला जाऊन आठवडासुद्धा झाला नाही, तोच एके रात्री वादळ झाले. दुकान आवरून मंडळी घरी आली, तो झाड मुळासकट उपटून रस्त्यावर आडवे पडलेले. शेंडा पार डांबरावर टेकलेला. मुलगे खट्टू झाले. आता हे तोडून टाकायचे, दुसरे काय? त्यांना हेच वाटले.

आंद्रेया पावसात उभे राहून झाडाकडे बघत राहिले. मग म्हणाले की, आपण हे परत उभे करायचे. मुलगे म्हणाले, मुळे वर आली आहेत, झाड मेले. आजोबांनी त्यांना गप्प केले. मेलेले नाही, पुन्हा वाढेल, असे सांगून ते कामाला लागले.

घरातून दोर आणला. शेंड्याच्या बाजूने बांधला. एक जण ओढी, एक जण रेटी. आंद्रेया कुदळ घेऊन मुळापाशी गेले. खंदक खणायचे काम त्यांनी पूर्वी केलेलेच होते. त्यांनी खड्डा रुंद केला, म्हणजे बुंधा खोल बसावा. झाड हळूहळू उठले. खड्ड्यात चिखल, दगड, माती भरली. चहूबाजूंनी खुंट्या ठोकून दोर ताणून बांधले. पाऊस चालूच होता.

पुढे बरीच वर्षे गेली. आजोबा वारले. पण झाड सरळ उभेच होते.

ही हकिकत मारिओंना केव्हा आठवली? १९८२ साली ते गव्हर्नरपदाची निवडणूक लढवत होते. स्वतःच्याच पक्षात मोठा सामना होता. जिंकायची आशा कमी. माणूस थकून गेला होता, मन खचले होते. अशात एके दिवशी खण उघडून काही शोधताना त्यांना वडिलांच्या दुकानाचे जुने छापील कार्ड हाती लागले. त्यावर आंद्रेया कुओमो हे नाव आणि किराणा दुकानाचा धंदा छापलेला होता. ते पाहून त्यांना पडलेले झाड आठवले. आपण थकलो असे म्हटले असते तर वडील काय म्हणाले असते? मारिओ पुन्हा उठले, कामाला लागले, आणि निवडून आले. मुलगा गव्हर्नर झालेला पाहायला आंद्रेया मात्र जिवंत नव्हते.

नाव आणि वागणूक

इटलीत जुनी रीत आहे. पहिल्या मुलाला त्याच्या आजोबांचे, म्हणजे बापाच्या बापाचे नाव ठेवतात. आपल्याकडेही पुष्कळ घरांत असेच करतात. मारिओंच्या थोरल्या मुलाचा जन्म १९५७ चा. आजोबा आंद्रेया, म्हणून नातू अँड्र्यू. आंद्रेयाचेच ते इंग्रजी रूप. हा नातूसुद्धा न्यूयॉर्कचा गव्हर्नर झाला. २०११ च्या जानेवारीत त्याने कारभार हाती घेतला. मारिओ वारले ते १ जानेवारी २०१५ या दिवशी. त्याच दिवशी मुलाने दुसऱ्यांदा पदाची शपथ घेतली होती.

पण गोष्ट सांगायची तर पुरी सांगावी. कित्येक बायांनी या नातवाच्या वागणुकीविरुद्ध छळाच्या तक्रारी केल्या. त्याने त्या नाकारल्या. तरी सरकारी चौकशीचा अहवाल आल्यावर २०२१ साली त्याला पद सोडावे लागले.

हे आम्ही का सांगितले? आजोबा घर उभे करून जातात. नाव देऊन जातात. पण चांगुलपणा सातबाऱ्यावर चढत नाही. तो प्रत्येक पिढीला नव्याने कमवावा लागतो. पडलेले झाड एकदा उभे केले तरी पुढे पाणी घालणारा लागतोच.

आता तुमचे काम

सुरुवातीला तुम्ही विचारले होते, या आजोबांशी आमचे काय काम? आता सांगतो.

चाळीस लाख माणसे इटलीतून गेली. त्यांतल्या किती जणांच्या हाताला घट्टे पडले असतील! किती जणांच्या पायांतून रक्त आले असेल! त्यांची नावेसुद्धा आज कुणाला माहीत नाहीत. आंद्रेया आजोबा आम्हाला कळले, ते ती माणसे जास्त राबली नव्हती म्हणून नाही. यांच्या मुलाने बापाची आठवण लिहून ठेवली, म्हणून कळले. कष्ट सगळ्यांनीच केले. लिहिले गेले ते थोड्यांचे.

तुमच्याही घरी असे आजोबा होऊन गेले आहेत. कुणी पडक जमीन फोडून शेत केले असेल. कुणी मुंबईच्या गिरणीत रात्रपाळी करून मनिऑर्डर पाठवली असेल. कुणी दुष्काळी कामावर खडी फोडली असेल. त्यांना लिहिता आले नाही. त्यांच्या पोरांनाही वेळेवर अक्षर मिळाले नाही. म्हणून त्यांची गोष्ट कुठेच लिहिलेली नाही. ती ज्यांना आठवते ती माणसेही आता म्हातारी झाली. ती गेली की गोष्टही जाईल.

पण तुम्हाला आता अक्षर आले आहे. तुम्ही लिहू शकता.

वही घ्या. पहिल्या ओळीत आजोबांचे पुरे नाव लिहा. दुसऱ्या ओळीत त्यांचे गाव लिहा. तिसऱ्या ओळीत ते काय काम करीत ते लिहा. मग त्यांचा एक प्रसंग लिहा, जो तुम्ही डोळ्यांनी पाहिला किंवा वडीलधाऱ्यांकडून ऐकला. मोठे शब्द नकोत. घट्टे पडले होते तर 'घट्टे' असेच लिहा. रागीट होते तर रागीट लिहा. दारू पीत होते तर तेही लिहा. खरे तेच लिहा.

आणि आजीचेही लिहा. इम्माकोलाता दुकानात तितकीच राबली, पण भाषणात हातांचे घट्टे सांगितले ते बापाचे. आपल्या आजीच्या बाबतीत तसे होऊ देऊ नका. तिचे माहेरचे नाव काय होते, हे आज घरी गेल्यावर विचारा. पुष्कळांना ते ठाऊक नसेल, असे आम्हाला वाटते.

अक्षर वेडेवाकडे आले तरी चालेल. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तरी चालेल. शनिवारी वह्या घेऊन वर्गात या. लाल शाईची दौत आम्ही घरी ठेवून येऊ. तुम्ही वाचा, आम्ही ऐकू.